बाक, पाटी आणि झारी
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



शंभर वर्षांच्या ग्रंथालयात उभे राहून मी बागेविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु बडोद्यात या दोन्ही गोष्टी एकाच राजवटीच्या आठवणीशी बांधलेल्या आहेत. विश्वामित्रीकाठची कमाटीबाग १८७९ सालची. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डेन यांना अमेरिकेतून बोलावून मोफत वाचनालयांची योजना हाती घेतली. लंडनच्या क्यू उद्यानातून आलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगल हेदेखील १९०८ मध्ये बंगळूरच्या लालबागेत जाण्यापूर्वी बडोद्याच्याच सेवेत होते.

या भाग्याचा एक तोटाही झाला. सरकारने द्यावे आणि आपण घ्यावे, अशी सवय आपणांस जडली. संस्थान विलीन झाले, महानगरपालिका आली. सवय मात्र तीच राहिली. पुण्याची एम्प्रेस गार्डन पाहा. १८३० साली स्थापन झालेली एक संस्था ती सांभाळते, आणि तिचे जानेवारीतील पुष्पप्रदर्शन पाहावयास सारे पुणे लोटते. ग्रंथालय वर्गणीवर चालते हे आपणांस ठाऊक आहे. बागही तशीच चालू शकते, हे आपल्याला सुचत नाही.

दुसऱ्यांस बोल लावण्यापूर्वी माझीच कथा सांगतो. ग्रंथालयामागच्या सार्वजनिक बागेत २०१९ साली मी मातोश्रींच्या स्मरणार्थ एक बाक दिला. संगमरवरी पाटी लावली. आईला बकुळीचे गजरे फार प्रिय, म्हणून पावसाळ्यात बाकाशेजारी बकुळीचे रोप लावले. छायाचित्र निघाले, चहापान झाले. नंतर फेब्रुवारी उजाडला, परीक्षांची धांदल सुरू झाली, माळी गावी गेला, आणि मी बागेकडे फिरकलोच नाही. जूनमध्ये गेलो तेव्हा बाक शाबूत, पाटी शाबूत, रोपाची काडी झालेली. फिरायला येणारे एक वृद्ध गुजराती गृहस्थ म्हणाले, "साहेब, तमे तो बाने तडके बेसाड्यां!" आईला उन्हात बसविलेत, हे शब्द मला आजही टोचतात.

आपण बाक देतो, कमान देतो, कारण त्यांवर नाव कोरता येते. पाण्याच्या नळीवर नाव कोरता येत नाही. शेणखतावर तर नाहीच. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की देणगी बागेच्या कायम ठेवीत द्यावी. तिच्या व्याजातून माळ्याचा पगार निघावा. ही देणगी दिसत नाही, पण बाग हिरवी राहते ती तिच्यामुळेच.

दुसरी विनंती हातांची आहे. बकुळ सावकाश वाढणारे झाड. पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला जपावे लागते. बुंध्याभोवती आळे करावे, त्यात पालापाचोळा पसरावा म्हणजे ओल टिकते, आणि पाणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घालावे. यात विद्वत्ता लागत नाही. लागते ती हजेरी. (आम्हां प्राध्यापकांना हजेरी घेण्याची सवय, देण्याची नाही.) उत्साहाचाही त्रास होतो, बरे का! गेल्या उन्हाळ्यात एका पारिजातकाला एकाच दिवशी तिघांनी पाणी घातले आणि कोपऱ्यातल्या कडुनिंबाची दोन रोपे तहानलेली राहिली. म्हणून आता वारांप्रमाणे नावे लिहावयाची वही केली आहे.

बाकाशेजारी मी पुन्हा बकुळ लावली आहे. ती सध्या माझ्या गुडघ्याइतकी आहे. मंगळवार माझा. गुरुवार आणि शनिवार अजून कोणी घेतलेले नाहीत. वही देवघेवीच्या टेबलावर आहे, आणि माळ्याच्या खोलीची किल्लीही तिथेच मिळेल.