मॅनेजरचा रिकामा तास

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बेंगळुरूत दोन मराठी माणसे भेटली की पहिला प्रश्न ‘गाव कुठलं?’ आणि दुसरा ‘यायला किती वेळ लागला?’ आज इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी आउटर रिंग रोडवर तास-दीड तास काढला असेल, आणि तोही फोन कानाला लावून. व्याख्यान समितीने मला ‘तणावमुक्ती’वर बोलायला सांगितले होते. मी म्हटले, त्या विषयाचे जाणकार पुष्कळ आहेत. मी फौंड्रीत पस्तीस वर्षे काढलेला माणूस. ध्यानधारणेवर बोलायचा मला अधिकार नाही. मी शांत बसण्याविषयी बोलेन, पण ते कामाचाच भाग म्हणून.

कॅनडातले प्राध्यापक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच संस्थांच्या प्रमुखांसोबत प्रत्येकी एक आठवडा राहून ते दिवसभर नेमके काय करतात याची नोंद केली. १९७३ साली त्याचे पुस्तक आले. त्या साहेब लोकांची निम्मी कामे नऊ मिनिटांच्या आत आटपत होती. तासापेक्षा जास्त चालणारे काम दहातले एक. खालच्या पातळीवर तर विचारूच नका. अमेरिकेतल्या ५६ फोरमनच्या एका अभ्यासात आठ तासांच्या पाळीत सरासरी ५८३ कामे निघाली, म्हणजे साधारण पन्नास सेकंदांना एक! आणि हे सगळे ई-मेल आणि मोबाइलच्या आधीचे. मिंट्झबर्ग यांची याबद्दल तक्रार नव्हती. मॅनेजरचे काम मुळातच असे तुकड्यातुकड्यांचे असते, असे त्यांचे म्हणणे. मलाही ते पटते. म्हणूनच निवांत वेळ आपोआप मिळेल ही आशा सोडा. तो मुद्दाम काढावा लागतो.

तो काढल्याने काय होते, ते आमच्याच कारखान्यातले उदाहरण देऊन सांगतो. पीण्या औद्योगिक वसाहतीत आमची फौंड्री होती. गोष्ट १९९६च्या पावसाळ्यातली. पंपाच्या बॉडीचे कास्टिंग मशीन शॉपमध्ये गेले, वरचा थर निघाला, की आत ब्लो-होल दिसायचे. ब्लो-होल म्हणजे धातूत अडकलेल्या वायूची पोकळी. एक दिसले की माल भंगारात. रिजेक्शन वाढत चालले आणि रोज सकाळी दहाला त्यावर मीटिंग. आठ माणसे, आठ मते. हळूहळू सगळ्यांचे एका गोष्टीवर एकमत झाले : मोल्डर साच्याच्या वाळूत पाणी जास्त घालतात. दोन मोल्डरांच्या नावाने नोटिसा टाइप होऊन सहीसाठी आल्या. दोघेही बिहारहून आलेले, ठेकेदाराकडचे. त्यांच्या बाजूने बोलणारे त्या मीटिंगमध्ये कोणी नव्हते.

सही करायची होती ती आमच्या वर्क्स मॅनेजरांना. मितभाषी तमिळ गृहस्थ. ते रोज दुपारी तीन ते चार केबिनचे दार लावून घेत. टेलिफोन ऑपरेटरला सांगून ठेवलेले : आग लागली तरच फोन जोडा. आम्ही पोरेटोरे म्हणायचो, साहेब झोपतात. त्या दिवशी त्यांनी तीन महिन्यांची रजिस्टरे आत मागवली.

आमचा रिजेक्शनचा रिपोर्ट मशीनिंगच्या तारखेने बनायचा. साहेबांनी दोन दुपारी बसून प्रत्येक खराब नगाचा हीट नंबर शोधला आणि ओतकामाच्या तारखेने यादी पुन्हा मांडली. तेव्हा दिसले की खराब नगांतले बहुतेक सोमवारी ओतलेले. मोल्डर तर सगळे वार तेच! मग सोमवारी वेगळे काय? कास्टिंग आतून पोकळ ठेवायला साच्यात वाळूचा कोअर बसवतात. आमच्याकडे तो सोडियम सिलिकेट मिसळलेल्या वाळूचा असे, कार्बन डायऑक्साइड सोडून कडक केलेला. असा कोअर हवेतला ओलावा ओढून घेतो. शनिवारी केलेले कोअर रविवारभर पावसाळी हवेत पडून राहायचे, सोमवारी त्यांच्याभोवती वितळलेले लोखंड पडले की त्या ओलाव्याची वाफ होऊन धातूत शिरायची.

शनिवारी कोअरचा साठा करणे बंद झाले, उरलेले भट्टीत वाळवून वापरू लागलो. नोटिसा फाडल्या गेल्या. त्या मोल्डरांपैकी एक जण पुढे आमच्याकडे कायम झाला.

आता यात हुशारी किती आणि निवांतपणा किती? माहिती सगळ्यांपुढे तीच होती, आणि मीटिंगमधली आठही माणसे काही मूर्ख नव्हती. पण नऊ-नऊ मिनिटांच्या तुकड्यांत रजिस्टर पुन्हा मांडता येत नाही. माणसावर ठपका ठेवणे मात्र नऊ मिनिटांत सहज जमते.

विप्रोच्या नव्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये गाजला होता. दिवसअखेर पंधरा मिनिटे ‘आज काय शिकलो’ हे लिहिणाऱ्यांना शेवटच्या परीक्षेत इतरांपेक्षा सुमारे २३ टक्के जास्त गुण मिळाले. या अभ्यासाच्या लेखकांपैकी एकीच्या दुसऱ्या संशोधनांवर पुढे गंभीर आक्षेप आले, तेव्हा मी त्या आकड्यावर फार भार देत नाही. बिल गेट्स मायक्रोसॉफ्टमध्ये असताना वर्षातून दोनदा आठवडाभर एकटे राहून वाचत असत, तेही आपल्याला परवडणारे नाही. आमच्या साहेबांना मात्र दोन दुपारी पुरल्या.

एक गोष्ट भगिनींसमोर बोलायलाच हवी. पुरुष मॅनेजर घरी येऊन गॅलरीत ‘विचार करत’ बसला, तर चहा आपोआप येतो. त्याच पदावरची बाई घरी आली की तिची दुसरी पाळी सुरू. तिला हा तास ऑफिसच्या वेळेतच मिळाला पाहिजे, आणि तो देणे वरिष्ठांच्या हातात आहे. इथे बरेच वरिष्ठ बसले आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

तरुण मंडळी मघापासून विचारताहेत, सर, करायचे काय? सोपे आहे. तुमच्या कॅलेंडरमध्ये इतरांना दिसेल असा एक तास ‘मीटिंग’ म्हणून अडवा, नाहीतर दुसरा कोणीतरी तो घेईल. फोन बाहेर सहकाऱ्याच्या टेबलावर. आत कागद, पेन्सिल आणि एकच प्रश्न. पहिली वीस मिनिटे राहिलेल्या ई-मेलच आठवतील, त्या एका बाजूला लिहून ठेवा. आणि हो, लोक म्हणतील साहेब झोपतात. म्हणू द्या.

आरतीची तयारी झालेली दिसते. प्रश्न असतील तर प्रसादाच्या रांगेत जरूर विचारा.