सुट्टीचा वार आणि घरचे ताट

(संस्थेच्या वर्धापनदिनी रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी प्रशासकाने खाटा, शस्त्रक्रिया आणि नवी यंत्रसामग्री यांचे आकडे सांगावेत, असा आजवरचा प्रघात आहे. ते सर्व आकडे अहवालाच्या पुढील पानांवर तक्त्यांच्या रूपाने दिलेले आहेत. आज आपल्या अनुमतीने आम्ही निराळ्या विषयाकडे वळतो. नोकरी करणारी आई किंवा वडील सुट्टीच्या दिवशी घरच्यांसाठी जो स्वयंपाक करतात, तो हा विषय. रुग्णालयाच्या व्यासपीठावर तो काहींना अप्रस्तुत वाटेल. दोन वर्षांपूर्वी आम्हांलाही तो तसाच वाटला असता.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. परिचारिकांच्या पाळ्यांचा तक्ता आमच्या लेखी एक हिशेबच होता. इतके वॉर्ड, इतक्या पाळ्या, इतकी माणसे. एखादी परिचारिका अचानक रजेवर गेली की दुसरीची साप्ताहिक सुट्टी पुढे सरकवून रकाना भरावयाचा. कोणाची सुट्टी आम्ही कधी बुडविली नाही, याचा आम्हांस अभिमान होता. रविवारची सुट्टी मंगळवारी दिली, मंगळवारची शुक्रवारी दिली. महिनाअखेर बेरीज चोख जुळत असे.

कर्मचाऱ्यांच्या मुलांची आरोग्य तपासणी आपण दरवर्षी करतो. त्या तपासणीत बालरुग्ण विभागातील एका ज्येष्ठ परिचारिकेच्या साडेचार वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन ८.४ निघाले. या वयात ते निदान ११ असावयास हवे. इतरांच्या मुलांना अंगावर घेऊन बसणाऱ्या सिस्टरांचे स्वतःचे मूल रक्तक्षयी निघाले, ही वार्ता सर्वांनाच लागली. बालक एकटे नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील बालकांत रक्तक्षयाचे प्रमाण देशात ६७.१ टक्के, तर आपल्या महाराष्ट्रात ६८.९ टक्के होते. तरीही आकडा वाचणे वेगळे आणि रोज समोर दिसणाऱ्या माणसाच्या घरी तो सापडणे वेगळे.

आम्ही सिस्टरांना बोलावून आस्थेने विचारले, “सिस्टर, घरी खाण्यापिण्याकडे लक्ष देणे होत नाही का?” प्रश्न चुकीचा होता, हे विचारताक्षणीच कळले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, सुट्टी कोणत्या वारी येते याचं मला काही नाही. पण ती बदलल्याचं मला शनिवारी संध्याकाळी कळतं. मटकी शुक्रवारी रात्रीच भिजत घातलेली असते. मोड तुमच्या तक्त्यासाठी थांबत नाहीत.”

त्यांच्या संमतीनेच हे येथे सांगत आहोत. त्या दिवशी प्रथमच आम्ही एका घरच्या सुट्टीचा तपशील बसून ऐकून घेतला. सुट्टी रविवारी असेल तर शुक्रवारी रात्री मटकी भिजते, शनिवारी सकाळी फडक्यात बांधली जाते आणि रविवारी सकाळी मोड येतात. रविवारी पहाटे बाजारातून मेथी, राजगिरा, चवळी अशी पालेभाजी येते. ती निवडून, कोरडी करून फडक्यात गुंडाळून ठेवावयाची. सुके खोबरे व कांदा भाजून वाटण, शेंगदाण्याचा कूट, सोललेला लसूण, चार दिवस पुरेल इतके इडलीचे पीठ, गुळातले अळिवाचे लाडू. हे सारे मार्गी लागले की दुपारी बाराच्या सुमारास त्या दिवसाचा खरा स्वयंपाक सुरू होतो. भाकरी तव्यावरून थेट ताटात, सोबत मटकीची उसळ, वर लिंबू, आणि महिन्यातून दोनदा मासळी. “मुलगा एरवी घास तोंडात धरून बसतो, सर. त्या दिवशी माझ्या मांडीला टेकून बसतो आणि जेवतो.” उरलेले सहा दिवस मुले सासूबाईंच्या हातचे जेवतात. सासूबाईंना उभे राहवत नाही. वाटण व निवडलेली भाजी तयार असेल तर त्या निभावून नेतात, नसेल तर मुलांच्या हाती चहा आणि बिस्किटे येतात. सुट्टी ऐन वेळी हलली की सबंध आठवडा चहा-बिस्किटांवर जातो. ते वर्षभरात किती वेळा घडले, हे आम्ही जुने तक्ते काढून मोजले. ती संख्या येथे सांगण्यासारखी नाही.

मुलाला बालरोगतज्ज्ञांनी लोहाचे औषध व जंताची गोळी दिली. लाडवांनी रक्त वाढले, असा दावा आम्ही करणार नाही. रक्तक्षय या पातळीवर गेल्यावर औषधाला पर्याय नसतो. परंतु आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी समजाविलेली गोष्ट घरोघरी उपयोगी पडेल. पालेभाज्या व कडधान्यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्यासोबत लिंबू, आवळा, पेरू यांपैकी काही असेल तर ते अधिक शोषले जाते, आणि जेवणालगत चहा घेतल्यास कमी होते. म्हणजे सिस्टरांच्या रविवारच्या ताटात लिंबू होते ते योग्यच होते, आणि आठवड्याच्या चहाने दुहेरी नुकसान होत होते.

या निमित्ताने आमच्या आहार-पत्रकाकडेही पाहिले गेले. घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती आपण वर्षानुवर्षे एक छापील कागद देत आलो : ताजे व गरम अन्न दिवसातून चार वेळा द्यावे. शिवणकामाच्या कारखान्यात सकाळी आठला हजर होणाऱ्या आईने तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला की पुढे त्याचे काय होत असेल, हे आम्ही कधी विचारले नव्हते. आता आहारतज्ज्ञ बाई प्रथम विचारतात, “तुमची सुट्टी कोणत्या वारी असते? त्या दिवशी स्वयंपाक कोण करतं? घरी फ्रीज आहे का?” त्या उत्तरांवर पुढचा सल्ला ठरतो. फ्रीज असेल तर शिजविलेले अन्न दोन तासांच्या आत, पसरट भांड्यात काढून, आत ठेवावे. मोठे पातेले तसेच ठेवल्यास मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. भाताच्या बाबतीत विशेष सावध असावे, कारण त्यात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. काढून घ्यावयाचे तेवढेच वाफ येईपर्यंत गरम करावे. फ्रीज नसेल, किंवा वीज तासन्‌तास जात असेल, तर शिजविलेले साठवूच नये. कूट, भाजणी, कोरडी चटणी, नाचणीचे पीठ, लाडू एवढेच सुट्टीच्या दिवशी करून ठेवावे. शिळ्या अन्नाविषयी आपल्या आजीबाईंचा जो कटाक्ष होता, तो फ्रीज नसलेल्या घरात आजही शहाणपणाचाच आहे.

वडीलही यातून सुटलेले नाहीत, हे सांगण्यास आनंद वाटतो. आमच्या रुग्णवाहिकेचे एक चालक आपल्या सुट्टीच्या दिवशी सगळा स्वयंपाक करतात, कारण त्यांच्या पत्नीची मंडईतली विक्री त्याच दिवशी सर्वांत जास्त असते. त्यांची भाकरी गोल होत नाही, अशी मुलांची तक्रार आहे. ते याला ‘बायकोला मदत’ म्हणत नाहीत, हे आम्हांस विशेष वाटले. असे घर विरळाच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरची विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटे, असे आढळले. आमच्या स्वतःच्या घरचा हिशेब या सरासरीहून बरा नाही, हेही प्रांजळपणे सांगतो.

आता खर्चाकडे येतो, कारण तो आपल्या देणग्यांतून झाला आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या काही वर्षांच्या झगड्यानंतर. सुट्टी मिळणे हा प्रश्न तेव्हाचा. ती ठरल्या वारी मिळणे हा आमच्याकडचा. रुग्णालय सातही दिवस चालते, सर्वांना रविवार देता येत नाही. म्हणून आम्ही प्रत्येकीचा वार तीन महिन्यांसाठी निश्चित करून फलकावर लावू लागलो, आणि अचानक पडणारी जागा भरण्यासाठी दोन बदली परिचारिका नेमल्या. त्यांचे वेतन म्हणजे निव्वळ वाढीव खर्च आहे, त्यातून एक रुपयाही उत्पन्न येत नाही, असा आक्षेप विश्वस्त मंडळाच्या बैठकीत निघाला आणि तो वस्तुस्थितीला धरून होता. मंडळाने तरीही एका वर्षासाठी मंजुरी दिली, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. ती मुदत येत्या मार्चअखेर संपते. पुढील तरतुदीसाठी स्वतंत्र निधी उभारावा लागेल. ज्यांना त्यात सहभागी व्हावयाचे असेल त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे, अशी विनंती आहे.

सारे सुरळीत झाले असे नाही. अविवाहित परिचारिकांचे म्हणणे असे की, लहान मुले असलेल्यांना रविवार देताना आम्हांला आईवडील नाहीत काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अद्याप सापडलेले नाही. तूर्त दर तिमाहीस रविवार फिरता ठेवला आहे. शिवाय सुट्टीच्या दिवशी पाच-सहा तास चुलीपुढे उभे राहणाऱ्या बाईने विश्रांती कधी घ्यावी, हा प्रश्न तर कोणत्याच तक्त्यात बसत नाही.

मुलाचे हिमोग्लोबिन औषधाचे तीन महिने पूर्ण झाल्यावर ११.२ झाले. आजच्या समारंभात सिस्टरांचा सत्कार करावा, असे अध्यक्ष महोदयांच्या मनात होते. परंतु या तिमाहीत त्यांचा वार रविवार आहे, आणि आज रविवार. मटकीला मोड आले आहेत, क्षमा असावी, असा त्यांचा निरोप आला आहे.

हिशेबपत्रके सादर करण्यासाठी खजिनदारांना विनंती करतो.