पाळी गेल्यानंतर



आजच्या विषयाला पुरुषांनीही बसावे अशी विनंती मी मुद्दाम केली होती. मागच्या रांगांतील मंडळी अजून जागेवर आहेत, याबद्दल आभारी आहे. दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्वे घराण्यातील रघुनाथरावांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले, तेव्हा असल्या गोष्टींचे नाव घेणेही कठीण होते. आपल्या माजघरात ते आजही फारसे सोपे झालेले नाही.

पाळी जाऊन दहा वर्षे झालेल्या बाईच्या साडीवर एके दिवशी डाग दिसतो. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून ती सब्जाचे पाणी पिते आणि गप्प राहते. मुलगा मुंबईला, सांगायचे कुणाला?

पाळी थांबते तेव्हा बीजांडकोशांतून येणारा इस्ट्रोजेन हा स्राव अगदी कमी होतो. त्यामुळे योनिमार्गाचे व गर्भाशयमुखाचे अस्तर पातळ आणि कोरडे पडते; जरासे घासले तरी रक्त येते. पुष्कळ डाग असे निरुपद्रवी असतात. परंतु गर्भाशयाच्या अस्तराचा किंवा मुखाचा कर्करोगही पहिल्याप्रथम असाच डाग दाखवतो, आणि नुसत्या डागावरून हा भेद मलाही करता येत नाही.

मग हॉर्मोनची औषधे घ्यावीत की नाही? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ पॅपिलोमा विषाणूत आहे, आणि तो शरीरात शिरून बहुधा कितीतरी वर्षे लोटलेली असतात. हॉर्मोनचा खरा धोका दुसरीकडे आहे. पिशवी शाबूत असताना नुसते इस्ट्रोजेन पोटात घेतले तर आतले अस्तर वाढते व तेथे कर्करोग होऊ शकतो. म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखे औषध द्यावे लागते. अशी जोड-औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग थोडा अधिक आढळल्याने अमेरिकेतील एक मोठा प्रयोग २००२ साली थांबवावा लागला. कोरडेपणावर बाहेरून लावायच्या सौम्य मलमाची गोष्ट वेगळी. ते रक्तात फारच थोडे उतरते. उतारवयात काचपट्टीवरच्या पेशी फसव्या दिसतात, तेव्हा काही आठवडे हेच मलम देऊन तपासणी पुन्हा करतात. मात्र रक्त का गेले हे पाहण्याआधीच मलम लावून मोकळे होणे, हा उलटा क्रम झाला.

आणखी एक अडचण. रोग जेथे उगवतो ती दोन अस्तरांची सीमा वयाबरोबर आत सरकते, त्यामुळे व्हिनेगरसारखे आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी अपुरी पडते. विषाणूची चाचणी या सीमेच्या दिसण्यावर अवलंबून नाही. पूर्वीच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची पाहणी झाली. विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणीविना राहिलेल्या, जवळपास तेवढ्याच गटात ६४. तीस बायका! खेड्यापाड्यांतल्या, आपल्यासारख्याच.

आता प्रश्न विचारावेत. सर्वांसमक्ष संकोच वाटत असेल तर चिठ्ठी लिहून द्यावी. नाव घालण्याची गरज नाही.