आधी टोचून पाहा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला बजावलंय, "काका, पाच मिनिटं बोला, पण व्याजदर नकोत." म्हणून आज खिडक्यांवर बोलतो.

१९८८ साली मी फोर्टमधल्या आमच्या बँकेच्या शाखेत अकाउंटंट होतो. इमारत ब्रिटिशांच्या काळातली, दगडी. उंच सागवानी खिडक्या, वर काचेची झडप, खाली झिलमिल्यांची दारं. पावसाळ्यात त्या फुगायच्या, लागायच्या नाहीत, लेजरं भिजायची. तक्रारी वाढल्या तशी मी नोट पुट अप केली : सर्व खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवाव्यात. तीन कोटेशन्स, कमीत कमी दर, मंजुरी. सगळं नियमानुसार!

खिडक्या काढायला आलेल्या मेस्त्रींनी चौकटीला दोन-चार ठिकाणी पेचकस टोचून पाहिला. म्हणाले, "साहेब, लाकूड खणखणीत आहे. खाली पाणी साचतं तिथली चार बोटं कुजलीत. तेवढी कापून सागाचा तुकडा जोडतो." मी म्हणालो, "मेस्त्री, मंजुरी बदलण्याची आलीय, दुरुस्तीची नाही." सागवान भंगारात गेलं. पैसे संपले म्हणून मागच्या जिन्यावरच्या तीन खिडक्या तेवढ्या वाचल्या.

पुढच्याच मे महिन्यात चूक कळली. सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. गरम हवा वरच्या झडपेतून बाहेर जायची, ती वाट बंद झाली. झिलमिल्या ऊन अडवायच्या आणि वारा आत सोडायच्या. आता उन्हासाठी पडदा ओढला की वाराही गेला. पंखे वाढवले, मग एसी आले. विजेची बिलं माझ्याच सहीने पास होत होती.

१९९५ मध्ये मुंबईत वारसा इमारतींची नियमावली आली. आणखी दहाएक वर्षांनी आमच्या इमारतीच्या जतनाचं काम निघालं. तेव्हा मी निवृत्तीच्या जवळ होतो. आर्किटेक्ट बाईंनी विचारलं, "मूळ खिडकी कुठे पाहायला मिळेल?" मी मान खाली घालून त्यांना मागच्या जिन्यावर नेलं.

त्या तीन खिडक्यांवरून मापं घेतली, लाकडाची घडण, बिजागऱ्या, कड्या, सगळ्याचं ड्रॉइंग केलं आणि बाकीच्या नव्याने घडवल्या. त्या तिघींना मात्र बदललं नाही. कुजलेला भाग कापून मुरलेल्या सागाचा तुकडा जोडला, खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेल्या लांबीने तावदानं पक्की केली, खाली पाणी निथळायला उतार दिला. म्हणजे मेस्त्री म्हणाले होते तेच!

बाईंनी प्रत्येक खिडकीला नंबर दिला होता. तक्त्यात तीन रकाने : ठीक, दुरुस्त होणारी, बदलावीच लागणारी. जतनाच्या कामात बदलायचं ते कमीत कमी, हा त्यांचा नियम. आपल्या राजाबाई टॉवरचंच पाहा. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहून १८७८ मध्ये पूर्ण झालेला हा टॉवर आणि लगतचं विद्यापीठाचं ग्रंथालय, इथे २०१३ ते २०१५ दरम्यान जतनाचं काम झालं. तिथल्या रंगीत काचांच्या खिडक्याही दुरुस्त करून राखल्या.

आता आपल्या घरचं. पुढच्या वर्षी मोठी दुरुस्ती आहे आणि सगळ्या खिडक्या काढून टाकाव्यात असा एक विचार पुढे आलाय. मान्य, आपली इमारत काही हेरिटेज नाही. खिडक्याही ॲल्युमिनियमच्या, पेचकस टोचून काही कळायचं नाही. माझ्या घरातही पाणी येतं. पण झिजलेली चाकं, कडक झालेलं रबर, भिंतीलगत फुटलेलं सीलंट आणि खालच्या पट्टीतली बुजलेली भोकं, एवढं तपासल्याशिवाय सही करू नका. तीन रकान्यांचा तक्ता करू या. घरोघरी फिरायला मी तयार आहे, दोन तरुण मुलं सोबत द्या. बदलावीच लागेल ती खिडकी जरूर बदलू.

मेस्त्रींना "तुमचं बरोबर होतं" असं सांगायचं राहून गेलं. काम संपवून ते गावी गेले, पुन्हा भेट झाली नाही. म्हणून ते आज तुमच्यासमोर सांगितलं.