अब्बांचा पाय



मी डॉक्टर नाही. पोटापाण्यासाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. तरी पायाच्या जखमांवर बोलायला उभा आहे, कारण ही गोष्ट माझ्या घरात घडली आणि तीत माझी चूक मोठी होती.

अब्बांना मधुमेह होऊन 16 वर्षे झाली होती. एका शुक्रवारी अम्मीला चादरीवर रक्ताचा डाग दिसला. चपलेचा खिळा वर येऊन उजव्या अंगठ्याखाली भोक पडलं होतं, आणि अब्बा दिवसभर तीच चप्पल घालून हिंडले होते. दुखलं नाही का, असं विचारलं तर म्हणाले, "कळलंच नाही रे." मला बरं वाटलं. दुखत नाही म्हणजे किरकोळ असणार! खरं तर तिथेच घाबरायला हवं होतं. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा निकामी होतात. आमच्या भाषेत सांगायचं तर अलार्म बंद पडतो, आग चालूच राहते. आम्ही हळद लावली, पट्टी बांधली आणि मी पुण्याला परतलो.

बाराव्या दिवशी अम्मीचा फोन आला. दोन बोटं काळी पडली होती, वास येत होता, अंगात ताप होता. पहिल्या दवाखान्यात सांगितलं, उद्या सकाळी गुडघ्याखालून पाय कापू. अब्बांनी खर्च विचारला नाही. "सजदा कसा करू?" एवढंच म्हणाले. बसून नमाज होते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. प्रश्न तो नव्हताच.

नात्यातल्या एका नर्स ताईंनी फोनवर विचारलं, "पायात रक्त किती पोहोचतंय ते तपासलं का?" कुणीच तपासलं नव्हतं. त्याच रात्री अब्बांना शहरात नेलं. तिथे आधी पू काढला, कारण ओला गँगरीन आणि ताप असेल तर तासातासाला जीव धोक्यात येतो. मग डॉपलर झालं. गुडघ्याखालची रक्तवाहिनी तुंबलेली निघाली, ती फुग्याने उघडली. दोन बोटं गेली, पाय राहिला. कधी कधी जीव वाचवायला पाय कापावाच लागतो, हे मी नाकारत नाही. पण रक्तप्रवाह न बघता तो निर्णय घेऊ देऊ नका.

जखम भरायला पाच महिने लागले. मलमापेक्षा महत्त्वाचं होतं जखमेवर वजन न पडणं. त्यासाठी पायाला प्लास्टर घालतात. ही पद्धत रुळवण्यात वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांचा मोठा वाटा. कुष्ठरोग्यांच्या पायावरच्या जखमांसाठी ते हे वापरत, कारण त्यांच्याही नसा मेलेल्या असतात. पुढे 1966 मध्ये ते अमेरिकेतल्या कारव्हिलला गेले आणि तिथून हा विचार मधुमेहींच्या पायांपर्यंत पोहोचला. हे सांगितल्यावर अब्बा बराच वेळ गप्प होते. आता ते एमसीआरची चप्पल वापरतात. तिचंही मूळ कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतच आहे.

आपल्या घरातली वडीलधारी माणसं वजूसाठी दिवसातून पाच वेळा पाय धुतात, पण तळवा कोणी उलटून बघत नाही. तेवढं तुम्ही बघा. बोटांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर कातडी कुजते, म्हणून कोरडं करायला सांगा. हिवाळ्यात गरम पाणी आधी कोपराने तपासायचं, पायाने नाही. उन्हाळ्यात मशिदीच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू देऊ नका. भाजलेलं त्यांना कळणार नाही. कुरूप घरी ब्लेडने कापायचं नाही. तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी तुंबतात, आणि नानीची मिश्रीही तंबाखूच, हे घरात सांगणं अवघड आहे, मला माहीत आहे. वर्षातून एकदा डॉक्टरांना 10 ग्रॅमच्या नायलॉन धाग्याची तपासणी करायला सांगा. तळव्याला धागा टेकवतात आणि कळतंय का विचारतात. दोन मिनिटांचं काम आहे, सुई टोचत नाहीत. अब्बांची 16 वर्षांत एकदाही झाली नव्हती, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आता रोज इशानंतर मी व्हिडिओ कॉल करतो. अम्मी फोन धरते, अब्बा पाय वर करतात. काल डाव्या टाचेला भेग दिसली. उद्या पहाटेच्या एसटीने गावी जातोय.