सायबेरियन क्रौंचांची वाट

(प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पक्ष्यांचे स्थलांतर हा पाठ शिकविताना बहुधा फळ्यावर नकाशा काढला जातो, उत्तरेकडून दक्षिणेकडे एक बाण ओढला जातो, आणि थंडी पडली की पक्षी येतात व ऊन तापू लागले की परत जातात, एवढे सांगून पाठ संपतो. यात चूक काही नाही. तथापि, ही दिशा पक्ष्याला कोण सांगतो, असे एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारले, तर त्याचे उत्तर सर्व पक्ष्यांच्या बाबतीत एक नाही.

युरोपातील कुक्कू पक्ष्याचे पिल्लू परक्याच्या घरट्यात वाढते. त्याचे खरे आईबाप त्याच्या आधीच आफ्रिकेच्या वाटेला लागलेले असतात. असे असूनही ते पिल्लू एकट्याने प्रवास करून आफ्रिका गाठते; दिशा त्याला जन्मतःच मिळालेली असते. क्रौंचाचे तसे नाही. निघण्याची ओढ त्याला उपजत असते, पण वाट मात्र त्याला दाखवावी लागते.

भरतपूरच्या केवलादेव सरोवरावर पूर्वी दर हिवाळ्यात येणारा सायबेरियन क्रौंच हे याचे ठळक उदाहरण होय. हा पक्षी शुभ्र असतो, चेहरा तांबडा, आणि पंखांची टोके काळी. ही काळी पिसे तो उडाला म्हणजेच नीट दिसतात. उथळ पाण्यात उभे राहून चिखलातील कंद चोचीने उकरून काढणे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. भरतपूरला येणाऱ्या थव्याची वीण पश्चिम सायबेरियात, ओब नदीच्या खोऱ्यातील कुनोवात नदीच्या दलदलीत होत असे. तेथील उन्हाळा अगदी थोडा. मादी बहुधा दोन अंडी घालते, पण दोहोंपैकी एकच पिल्लू सहसा जगते. ते उडू लागते न लागते तोच दक्षिणेकडे निघण्याची वेळ येते.

हा प्रवास चार हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचा. कझाकस्तानची गवताळ मैदाने, अफगाणिस्तानातील आब-ए-इस्तादा सरोवर, मग सिंधू नदीचा प्रदेश, अशा मुक्कामांनी ही कुटुंबे भरतपूरला पोचत. कुटुंबे म्हणण्याचे कारण असे की, नर, मादी व त्यांचे पिवळट तांबूस मानेचे पिल्लू अशी तिघे हिवाळाभर एकत्र राहत. कोठे उतरावे, कोठे पाणी असते, कोणता डोंगर उजवीकडे ठेवावा, हे पिल्लाने या एका प्रवासात पाहून घ्यावयाचे.

इ. स. १९६४–६५ च्या हिवाळ्यात भरतपूरला सुमारे २०० सायबेरियन क्रौंच मोजले गेले होते. पुढे ही संख्या सारखी उतरत गेली. १९९२–९३ मध्ये पाच पक्षी आले. त्यानंतरचे दोन हिवाळे कोणीच आले नाही. १९९५–९६ मध्ये चार आले, आणि लोकांच्या आशा पुन्हा पालवल्या. शेवटची जोडी २००१–०२ च्या हिवाळ्यात दिसली. ती उत्तरेकडे गेली, ती परतली नाही.

याचा दोष केवळ भरतपूरला देता येत नाही. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी तेथे ४,२७३ पक्षी मारले गेले, ही नोंद उद्यानातील शिलालेखावर आजही वाचता येते. परंतु तो काळ मागे पडला होता, आणि १९८५ मध्ये त्या स्थळाचा जागतिक वारशात समावेशही झाला. खरा घात वाटेवर झाला. अफगाणिस्तान व वायव्य पाकिस्तान या भागांत क्रौंचांची शिकार जुनी. पाळीव क्रौंच ओरडावयास लावून वरचा थवा खाली बोलवायचा आणि वजन बांधलेली दोरी भिरकावून पक्षी अडकवायचा, अशीही तेथील एक रीत आहे. मोठ्या थव्यातले चार पक्षी गेले तर थवा टिकतो; दहांच्या थव्यातले चार गेले तर वाट जाणणारेच उरत नाहीत.

मग वाट पुन्हा शिकविता येईल काय? १९९० नंतरच्या दशकात माणसांच्या देखरेखीखाली वाढविलेले काही तरुण क्रौंच भरतपूरला आणून सोडण्यात आले. पाण्यात ते चरले, पण वसंतात उत्तरेकडे गेले नाहीत. जायचे कोठे, हे दाखविणारे कोणी नव्हते. याउलट अमेरिकेत २००१ मध्ये हूपिंग क्रेन या क्रौंचजातीची पिल्ले एका अतिशय हलक्या विमानामागून विस्कॉन्सिनपासून फ्लोरिडापर्यंत नेण्यात आली. पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून सांभाळणारे अंगभर पांढरा वेष घालत. पुढील वसंतात ही पिल्ले कोणाच्याही मदतीवाचून परत आली! या पक्ष्यांच्या प्रवासाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेक वर्षाचेच पक्षी असलेला थवा सरळ वाटेपासून जितका भरकटे, त्यापेक्षा सात वर्षांचा एक पक्षी सोबत असलेला थवा ३८ टक्क्यांनी कमी भरकटे, असे त्यात आढळले. थव्याची संख्या मोठी असल्याने मात्र फारसा फरक पडत नव्हता.

ही जात पृथ्वीवरून नाहीशी झालेली नाही, हे मुलांना अवश्य सांगावे. पूर्व सायबेरियातील हजारो सायबेरियन क्रौंच चीनमधील पोयांग सरोवराकडे हिवाळ्यात जातात. त्यांतील एखादे कुटुंब भरतपूरला का येत नाही, असा प्रश्न वर्गात हमखास येईल. त्यांच्या आईबापांनी त्यांना पोयांगची वाट दाखविली, भरतपूरची नाही. इराणच्या कास्पियन किनाऱ्यावर फेरेदूनकेनार येथे तर २००७ नंतर अनेक हिवाळे एकच क्रौंच एकटा येत राहिला; तेथील लोकांनी त्याचे नाव ‘ओमीद’ म्हणजे ‘आशा’ असे ठेवले.

पश्चिम सायबेरियात तरुण सायबेरियन क्रौंच साध्या क्रौंचांच्या थव्यांजवळ सोडण्याचेही प्रयत्न झाले. जात वेगळी, पण दक्षिणेची वाट ठाऊक असलेली. परक्याच्या मागून का होईना, पिल्लांनी निघावे, एवढीच त्यामागील अपेक्षा. साधे क्रौंच भारतात अजूनही येतात. त्यांचेच धाकटे भाऊबंद कांड्या करकोचे महाराष्ट्रातील काही जलाशयांच्या काठी हिवाळ्यात उतरतात, आणि पहाटे शेतांकडे जाताना त्यांच्या रांगेत आईबापांमागून उडणारे त्या वर्षीचे पिल्लू दुर्बिणीतून ओळखता येते.