‘दक्ष’ या शब्दाचा अर्थ



फारसीतून आलेल्या ‘खबरदारी’त खबर राखणे आहे, ‘सावधान’मध्ये अवधान आहे, ‘दक्ष’ म्हणजे मात्र कार्यास तत्पर आणि समर्थ. १२ मार्च १९९३ रोजी याच वरळीत, सेंच्युरी बाजारजवळ स्फोट झाला. त्या दिवशी मुंबईत २५७ जीव गेले. आरडीएक्स रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरले होते. लाच घेऊन डोळेझाक करणारे काही पोलीस व सीमाशुल्क अधिकारी पुढे न्यायालयात दोषी ठरले. खबर होती, दक्षता विकली गेली होती! उलट, त्याच दिवशी वरळीत बेवारस उभी असलेली, शस्त्रे भरलेली मारुती व्हॅन पोलिसांनी हेरली आणि नोंदणीवरून कटाचा धागा हाती लागला. शाखेत ‘दक्ष’ ऐकताच आपण टाचा जुळवतो. तीच दक्षता कचेरीतल्या मेजावर आणि रस्त्यावरही टिकली, तरच त्या आज्ञेला अर्थ आहे.